पोताऱ्याखालचा नंबर

साहेबाने छडी भिंतीला टेकवली आणि दाबली. छडी आत गेली. आत चुलीशी बसलेल्या माझ्या मायच्या डोक्यापासून हातभर अंतरावर टोक बाहेर निघालं. तांदूळ वैरायला उचललेला तिचा हात तसाच राहिला.

साहेब वाटेवर उभा होता, आमची ती भिंत वाटेला लागूनच होती. आमच्या अंगणात त्याचं पाऊल पडायचं नव्हतं, विटाळ झाला असता. छडी मात्र घरात चालली.

त्याने ती ओढून काढली. टोकाला ओली माती लागली होती, आदल्याच दिवशी आम्ही ती भिंत लिंपली होती. तट्ट्यावर मायचं दुसरं लुगडं वाळत होतं. साहेबाने लुगड्याचा पदर छडीनेच ओढून घेतला, त्यावर टोक घासलं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. पदर परत तट्ट्यावर टाकला. मग मुन्शीला म्हणाला,

"लिहा. घर नाही. नुसतं लिंपण."

मुन्शीने लिहिलं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. नवऱ्याने टाकलेली, मायकडे परत आलेली, बिड्या वळणारी. चौथी पास. आमच्या वस्तीत वाचता येणारी बाई मी एकटी, आणि पुरुषही दोनच, ते दोघे कामासाठी कामठीला गेलेले. म्हणून जे झालं त्यात माझा हात आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्यासाठी हळहळत बसू नये.

आमची वस्ती गोंदियाच्या स्टेशनाला लागून होती. महारांची घरं जास्त, चार-सहा ढिवरांची, दोन गोंडांची. पुरुष धानाच्या गिरण्यांत हमाली करत, बाया बिड्या वळत. रेल्वे आली, गिरण्या आल्या, तेव्हा हमाल लागत होते म्हणून आम्हाला तिथे बसू दिलं. पुढे गाव वाढलं. गिरणीवाल्यांना गोदामं हवी झाली, आणि स्टेशनातून उतरणाऱ्या मोठ्या लोकांना आमच्या चुलींचा धूर दिसू लागला. मग गावातल्या पुढाऱ्यांनी एक सुधार कमेटी काढली. तिचा सेक्रेटरी एक वकील. छडीवाला साहेब तोच. गोरा नव्हता. आपलाच होता, शुद्ध मराठी बोलणारा, कपाळाला गंध लावणारा.

पहिल्यांदा आला तो मुन्शी. द्रोणात गेरू कालवलेला, हातात काडीला बांधलेली चिंधी. प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर त्याने एक आकडा काढला. आमच्या घरावर एकेचाळीस. कोणी विचारलं, "हे काय करून राहिले जी?" तो म्हणाला, "सरकारी काम है." पुढच्या घराकडे गेला. त्याने सांगितलं नाही आणि आम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही. ताप-साथीच्या वेळी घरांवर अशाच खुणा करतात हे म्हाताऱ्यांना आठवत होतं, त्यामुळे तो आकडा कोणालाच बरा वाटला नाही. आमच्या शेजारची सगुणाकाकी तर रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून अंगण झाडायची.

नंतर नोटीस आली. पिंपळाला डिंकाने चिकटवलेली. सगळ्यांनी मला धरून नेलं. मी मोठ्याने वाचली. ते वाक्य मला आजही पाठ आहे:

"स्टेशनालगतच्या नझूल जागेवरील अस्वच्छ वस्ती शहर सुधारणेकरिता उठविण्यात येणार असून क्रमांकित घरांच्या कब्जेदारांस पर्यायी जागा नेमून देण्यात येईल. पाहणी येत्या सोमवारी होईल."

एवढंच. मी वाचून दाखवलं आणि लोक माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"म्हंजे का वं?" सगुणाकाकीने विचारलं.

आता, मला अर्धे शब्द कळले नव्हते. नझूल कळलं नाही. क्रमांकित कळलं नाही. कब्जेदार कळलं नाही. पण चौथी पास बाईला 'मला कळत नाही' असं वीस माणसांपुढे म्हणवत नाही. जे कळलं ते मी घट्ट धरलं. अस्वच्छ वस्ती. सोमवारी पाहणी. मी म्हटलं, "वस्ती घान दिसते म्हनून उठवून राहिले. साहेब सोमवारी पाहाले येते. त्याच्या आधी आपन साफ करू. साफ दिसली तं उठवाचं कारनच राहात नाही."

किती सरळ वाटलं होतं ते. आमच्याकडे कोणी घर पाहायला येणार असलं की आधी पोतारा. पोरीची बोलणी असोत, तेरवी असो, पाटलाचा माणूस असो. पांढरी माती कालवायची, फडकं बुडवायचं, भिंती पुसून पांढऱ्या करायच्या. मळक्या भिंतीसमोर पाहुणा उभा करणं म्हणजे त्या घरच्या बाईची इज्जत गेली. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. चालायला लागतो तसं येतं.

शनिवारी आम्ही सगळ्या बाया आमगावच्या वाटेवरच्या खाणीवर गेलो. डोक्यावर टोपल्या भरून पांढरी माती आणली. दोन दिवस बिड्या बंद. बिड्या विकत घेणाऱ्या सट्टेदाराचा माणूस ओरडून गेला, कोणी लक्ष दिलं नाही. नाली उपसली. उकिरडे हलवले. शेणाने अंगणं सारवली. फुटक्या भिंती लिंपल्या. आणि प्रत्येक घराला दोन-दोन हात पोतारा दिला. गेरूचा तो आकडा पहिल्या हातात गुलाबी झाला, दुसऱ्या हातात गेला. आमच्या घरावरचा एकेचाळीस मी स्वतः पुसला. पुसताना बरं वाटलं. सगुणाकाकी म्हणाली, "गेली एकदाची पिडा."

पोतारा फक्त एकाच घराला झाला नाही. सुकरूच्या. त्याची बायको मेल्यापासून त्याने भिंतीला हात लावला नव्हता. गिरणीतून यायचा, पडायचा. आम्ही त्याच्या दारात उभ्या राहून त्याला शिव्या दिल्या. "तुह्या एका घरापायी सारी वस्ती घान दिसन रे सुकऱ्या." तो खाटेवरून म्हणाला, "साहेब माह्यासंग लगन लावाले येऊन राहिला का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्याचं घर तसंच राहिलं, काळं, कोपऱ्यात उंदरांनी उकरलेलं, दाराशेजारी गेरूचा बावीस.

सोमवारी साहेब आला. बरोबर मुन्शी, दोन शिपाई. वस्ती पांढरी दिसत होती. मी खोटं सांगत नाही, मला अभिमान वाटत होता.

साहेब वाटेवर थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मुन्शीने वही उघडली. मग दोघेही एकमेकांकडे बघून हसले.

"नंबर कुठे आहेत?" साहेबाने विचारलं.

बायांनी आपापल्या पांढऱ्या भिंतींकडे बघितलं.

"नंबर पुसले कोणी?"

माय दारातून म्हणाली, "पोतारा देल्ला साहेब. तुमी येनार म्हनून."

"नोटीस वाचली नाही का?"

"वाचली ना जी. माह्या पोरीनं वाचली. चौथी शिकली हाये."

तिनेही अभिमानानेच सांगितलं.

साहेबाने मला पुढे बोलावलं. मुन्शीने नोटिशीची नक्कल जमिनीवर टाकली, मी ती उचलायची. हातात द्यायची नव्हती. "वाच," साहेब म्हणाला. मी वाचलं. 'क्रमांकित घरांच्या' या शब्दावर त्याने छडी वर केली. मी थांबले.

"क्रमांकित म्हणजे काय?"

मी तो शब्द मनातल्या मनात पुन्हा वाचला.

"मोठ्याने सांग. सगळ्यांना ऐकू दे."

"मालूम नाही साहेब."

"क्रमांकित म्हणजे नंबर घातलेलं. ज्या घरावर नंबर, त्याला जागा. ज्या घरावर नंबर नाही, ते घर आमच्या वहीत नाही. कळलं?" मग तो वस्तीकडे वळला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "तुमच्यात एक वाचणारी निघाली, आणि तिनेच तुम्हाला घालवलं. न वाचणारे बरे."

सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती. ती नजर मी कधी विसरले नाही. छडीपेक्षाही ती खोल आत गेली.

मी धावत घराशी गेले. माय तोवर आत चुलीशी जाऊन बसली होती. विळ्याच्या पाठीने भिंत खरवडली. म्हटलं, "खाली हाये साहेब. पाहा. पोताऱ्याच्या खाली हाये." पांढरी माती पडली, लाल ओघळ दिसला. चार कुठला, एक कुठला, कळत नव्हतं. साहेब वाटेवरूनच जवळ आला, डोळे बारीक करून बघितलं.

"हा तुम्हीच आता काढला नाही कशावरून?"

असं म्हणून त्याने छडी भिंतीला टेकवली. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

जागा एकाच माणसाला मिळाली. सुकरूला. वस्तीतल्या सर्वात घाण घराला. बावीस नंबर स्वच्छ वाचता येत होता. मुन्शीने वहीत खूण केली तेव्हा सुकरू खाटेवरून उठून दारात आला होता. त्याला काही उमजलं नाही. आम्हाला उमजलं. आम्ही बाया एकमेकींकडे बघू शकलो नाही.

आठ दिवसांनी शिपाई, बैलबंड्या आणि सबली, म्हणजे लोखंडी पहारी, आल्या. मुन्शीने झाडाखाली सतरंजी घातली आणि एक कागद ठेवला. एकेकाने येऊन अंगठा द्यायचा. जो देईल त्याला आपल्या छपराची कौलं, आमचे कवेलू, आणि लाकडाचे बासे नेता येतील. न दिला तर सगळा माल जप्त.

"अंगूठा लगाओ बाई, आगे बढो. टाइम मत खाओ."

बाया अंगठा देत गेल्या. माझी पाळी आली. मी म्हटलं, "आधी वाचते."

"फिर पढेगी तू?" मुन्शी हसला. रांगेतलेही दोन-चार जण हसले. मी हसणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांनी माझं वाचणं पाहिलं होतं.

मी वाचलं. बराच वेळ लावून वाचलं. प्रत्येक शब्दापाशी थांबले. या वेळी एकच शब्द नवा होता आणि तो मला चांगला कळत होता. कागदावर लिहिलं होतं की खाली अंगठा देणारे सर्व जण ही जागा 'स्वखुशीने' सोडत आहेत आणि त्यांची कमेटीवर काही मागणी नाही.

मी मागे वळून घराकडे बघितलं. भिंतीत छडीचं भोक. बाहेर माय उभी, कवेलू उतरवायच्या तयारीत, पदर खोचलेला. पदरावर मातीचा डाग होता, तो धुऊनही गेला नव्हता.

मी म्हटलं, "हे खोटं हाये. खुशीनं कोनी चाललं नाही. मी अंगठा देत नाही. मले सही येते, अन् सही बी करत नाही."

मुन्शीने शिपायाकडे बघितलं. शिपायाने खांदे उडवले. आमच्या घरावर पहिली सबल पडली. कवेलू उतरवले नाहीत, वरूनच फोडले. बासे बैलबंडीत गेले. माय बसून फुटके कवेलू उचलून एकावर एक ठेवत होती, जसे काही ते पुन्हा चढवायचे आहेत.

शेवटी तिने एकच वाक्य म्हटलं. "तुह्या वाचन्यानं पयले घर गेलं, आता छप्पर गेलं."

खरं होतं. दोन्ही खरं होतं.

सुकरूला दिलेली जागा रेल्वे रुळांच्या पलीकडे होती, नाल्याच्या काठी, खोलगट. कागदावर तिचं नाव पर्यायी जागा. पर्यायी म्हणजे याच्या बदल्यात ते, असं सांगतात. बदल्यातली जागा बरोबरीची असायला हवी असं त्या शब्दात कुठेही लिहिलेलं नाही, हे मी नंतर शिकले. सुकरू आम्हाला म्हणाला, "माह्या आळसाची जागा हाये, या साऱ्याजनी." एका घराच्या जागेत अकरा कुटुंबं बसली. बाकीचे पांगले, कोणी तिरोड्याकडे, कोणी गावी. पावसाळ्यात गुडघाभर पाणी उभं राहिलं. ज्यांच्याकडे कवेलू होते त्यांनी छप्पर केलं. आमच्यावर पळसाची पानं. मायला त्याच पावसाळ्यात ताप आला आणि भादव्यात ती गेली. शेवटपर्यंत माझ्याशी मोजकंच बोलली. मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. माफ केलं नसावं.

जुन्या जागेवर धानाची गोदामं झाली आणि त्यांच्यापुढे एक छोटी बाग. कठडा घातलेली, बाकं ठेवलेली. मला काही वर्षांनी तिथून जाताना माळ्याने हटकलं. मी थांबले नाही. आमची चूल कुठे होती ते मला अंदाजाने माहीत आहे. तिथे कण्हेर आहे.

त्यानंतर मी एक काम धरलं. कचेरीच्या बाहेर वडाखाली एक अर्जनवीस बसायचा. म्हातारा, चिडका. दर बाजाराच्या दिवशी मी त्याच्यापुढे जाऊन एक शब्द विचारायचे. एका शब्दाला तो पाच बिड्या घ्यायचा. आधी विचारायचा, "तुले कायले पाहिजे वं हे?" मी म्हणायचे, "पाहिजे." पुढे त्याने विचारणं सोडलं.

नझूल म्हणजे सरकारची जमीन. तुम्ही तीन पिढ्या राहा, ती सरकारचीच. कब्जेदार म्हणजे राहणारा, मालक नव्हे. हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण तो तुम्हाला काही देत नाही, तुमचं काय नाही तेवढं सांगतो. अतिक्रमण म्हणजे, ज्यांनी तुम्हाला बसवलं त्यांची गरज सरली की त्यांनीच तुमच्या घराला दिलेलं नाव. कच्चे घर म्हणजे ज्याची भरपाई द्यावी लागत नाही ते घर. मातीचं असणं हे नुसतं निमित्त. अस्वच्छ वस्ती हा शब्द घाणीबद्दल नाही. तो जमिनीवर मारलेला एक शिक्का आहे. शिक्का बसला की तुम्ही कितीही झाडा, कितीही सारवा, जमीन अस्वच्छच राहते, तुम्ही उठेपर्यंत. तुम्ही उठलात की त्याच दिवशी स्वच्छ होते. आणि सुधारणा? अर्जनवीसाने त्या शब्दाच्या बिड्या घेतल्या नाहीत. म्हणाला, "त्याचा अर्थ ज्याच्या हाती कागद, त्याले इचार."

हे सगळं शिकायला मला वर्षं गेली. शिकून काय झालं, तर फार काही नाही. लोक माझ्याकडे कागद घेऊन येतात. मी वाचते आणि आता अर्थ सांगते, आणि जिथे कळत नाही तिथे 'मले कळत नाही' असं मोठ्याने म्हणते. बहुतेक वेळा अर्थ कळल्यावरही घर जातंच. एकदाही मी कोणाचं घर वाचवलेलं नाही. हेही लिहून ठेवते.

आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे. दुसरी लढाई संपली. गोऱ्यांचं राज्य जाणार असं जो तो म्हणतो. गेल्या महिन्यात आमच्या नाल्याकाठच्या, आता वाढलेल्या वस्तीत एक तरुण आला. खादीचे कपडे, पायात चप्पल, गोड बोलणारा. अंगणात आला, खाटेवर बसला, आमच्या घरचं पाणी प्याला. हे मी विसरणार नाही, ते त्याच्या बाजूने लिहिते. म्हणाला, "ताई, नवी योजना येते आहे. रुळापलीकडचा हा सगळा भाग नव्याने बसवायचा. आता आपलंच राज्य येणार."

मी कागद मागितला. त्याने हातात दिला, जमिनीवर टाकला नाही. मी वाचला. अस्वच्छ वस्ती. नझूल. कब्जेदार. क्रमांकित घरे. पर्यायी जागा.

"राज्य आपलं येऊन राहिलं, तं शब्द काऊन तेच हायेत?" मी विचारलं.

तो हसला. मग हसणं थांबवलं. "शब्द कचेरीचे असतात ताई. भावना वेगळी आहे."

"भावना कोठी लिवली हाये, ते दाखवा."

त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. परत येतो म्हणाला. तो आला नाही, त्याची माणसं आली. या वेळी गेरू नव्हता, डांबर होतं. माझ्या दाराशेजारच्या भिंतीवर सतरा आला आहे.

दिवाळी तोंडावर आहे. बायांनी पांढरी माती आणून ठेवली आहे. मी घरोघर फिरले आणि सांगितलं, पोतारा द्यायचा तर नंबरच्या भोवती वीतभर जागा सोडून द्यायचा. तेवढा तुकडा काळा राहू दे. पाहुणे हसले तर हसू देत. तरण्या पोरींना ते पटत नाही. एक म्हणाली, "डांबर कोठी जाते मावसी पोताऱ्यानं?" मी तिला म्हटलं, जात नाही हे मलाही माहीत आहे, तरी सोड. सुकरू आता नाही, पण त्याच्या जुन्या घराच्या मळक्या भिंतीची गोष्ट मी त्यांना रोज सांगते.

आणि दुसरं सांगितलं. झाडाखाली सतरंजी पडेल, कागद ठेवला जाईल, कवेलू परत देतो म्हणतील. तेव्हा एकीनेही एकटीने पुढे जायचं नाही. सगळ्यांनी बसायचं. मी प्रत्येक शब्द वाचीन, प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांच्याकडून लिहून मागीन, आणि त्यातला जो खोटा असेल त्यावर कोणाचाही अंगठा उठणार नाही. अकरा घरांनी हो म्हटलं. बाकीच्यांनी मान खाली घातली. त्यांना कवेलू हवे आहेत. मायलाही हवे होते.

घर जाईल. मला त्याबद्दल शंका नाही. या वेळी नाल्याच्याही पलीकडे टाकतील, किंवा कुठेच नाही. बासे जप्त होतील, पानांखाली पावसाळा काढावा लागेल, आणि या वयात मी तो काढू शकेन असं नाही.

पण ते कागदावर लिहितील तेव्हा त्यांना लिहावं लागेल की सतरा नंबरचं घर जोर लावून पाडलं. स्वखुशीने हा शब्द त्यांना माझ्याकडून मिळणार नाही. मी जिवंत असेन तोवर नाही, आणि मेले तर माझा अंगठा धरून घेतील म्हणून मी हे सगळं माझ्या हाताने, सही करून, इथे लिहून ठेवलं आहे.